हात आमचे, पदवी कुणाची? नर्सिंगच्या शिक्षणाचा इतिहास आणि आपल्या मुली

बारावीचा निकाल लागला की खोपटच्या एसटी स्टँडजवळच्या आमच्या वस्तीत दरवर्षी तीच विचारपूस सुरू होते. यंदा एका मुलीने विचारले, "दादा, बी.एस्सी. नर्सिंगला जाऊ का?" आम्ही काही बोलायच्या आत तिची आजीच कडाडली, "गावात लोकांची बाळंतपणं करण्यात माझा जन्म गेला. आता हिनंबी लोकांची घाणच काढायची का?"

आजीचा राग खोटा नाही. म्हणून तिला गप्प न बसवता तिच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून द्यायला हवे, असे आम्हाला वाटले.

गावगाड्यात सुईणपण अनेक ठिकाणी मांग-महार स्त्रियांच्या वाट्याला होते. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताने माखलेले कपडे धुवायचे. हे काम विटाळाचे, म्हणून ते अस्पृश्याच्या हाताने करून घ्यायचे. मूल जगात आणणारा हा हात चालत होता. पण बाळंतिणीचा विटाळ फिटला की त्याच हाताने घरातल्या हंड्याला शिवायचे नाही! मोबदला म्हणजे पसाभर धान्य आणि एखादे जुनेर. आणि दुसऱ्यांची बाळंतपणे करणाऱ्या या वस्त्यांत आपल्याच बाळंतिणींचे काय हाल होते, ते बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहून ठेवले आहे. तिथे बाळंतिणीच्या पोटात घालायला अन्न नव्हते.

आता उलट बाजू बघा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावच्या प्रतिष्ठितांनी दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला. पण अट अशी की रोग्याला वस्तीबाहेर आणायचे. ओली बाळंतीण आणि तान्हे मूल बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने परत केला. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि तो निघून गेला. ती बाई मेली. औषधशास्त्र शिकलेला माणूस हजर असूनही मेली, कारण त्याच्या शिक्षणात स्पर्श नव्हता. शुश्रूषा म्हणजे शेवटी स्पर्शच. जातीला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, ते वेगळे सांगायला नको.

म्हणूनच इंग्रजी अमलात नर्सचे प्रशिक्षण सुरू झाले तेव्हा सवर्ण घरांनी आपल्या मुली तिकडे पाठवल्या नाहीत. १८८५ चा लेडी डफरिन फंड आला, स्त्रियांची रुग्णालये निघाली, मिरजेसारख्या ठिकाणी मिशनऱ्यांनी काम उभे केले. शिकणाऱ्यांत अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलींचाच भरणा राहिला. मुंबईत प्रशिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून पाठ्यपुस्तके १८९१ सालच्या काशीबाई गणपत यांचे नाव देतात. ते एका ओळीत येते आणि संपते.

त्याच पाठ्यपुस्तकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर पानेच्या पाने असतात. त्यांचे काम मोठे आहे, वाद नाही. पण १८६० च्या त्यांच्या शाळेतही पैसे भरून येणाऱ्या 'लेडी' उमेदवार आणि साध्या उमेदवार असा भेद होताच. आणि आपल्याकडे? १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे सावित्रीमाईंच्या देखरेखीखाली झाली. त्यातल्याच एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले आणि तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ सासने मळ्यात यशवंतरावांनी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घालून तिथे आणले. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. १२ मेला नर्स दिन जरूर साजरा करा. १० मार्चला मात्र नर्सिंग कॉलेजांत सहसा शुकशुकाट असतो.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत गोऱ्यांच्या नर्स संघटनेची दारे काळ्या नर्सेसना बहुतेक ठिकाणी बंद होती. म्हणून १९०८ साली त्यांनी आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली आणि चाळीस वर्षे झुंजून १९४८ मध्ये मुख्य संघटनेत प्रवेश मिळवला.

आता पदवीकडे वळू. १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात सुमारे ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे बी.एस्सी. नर्सिंगचे पहिले वर्ग सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४ चे. म्हणजे जे काम शतकानुशतके पसाभर धान्यावर करून घेतले, त्याला पगार, गणवेश आणि पदवी मिळाली. आणि तेव्हा आत जायला काय लागू लागले? बारावी सायन्स, इंग्रजी आणि फी. सुईण आजीची विद्या या दारात अडाणीपणा ठरली.

आत गेल्यावर काय मिळते, तेही नीट सांगतो. चार वर्षे, आठ सत्रे. नवा अभ्यासक्रम २०२१ मध्ये अधिसूचित झाला. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, जीवरसायन, पोषण आणि नर्सिंगची मूलतत्त्वे. पुढे औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मोठ्यांचे आजार, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रसूती, समुदाय आरोग्य, संशोधन. सगळे इंग्रजीतून, पहिले सहा महिने याच कारणाने रडवतात आणि याच काळात मुली सोडून जातात. तिथे वस्तीतल्या सीनियर मुलींनी रोज तासभर बसवून घेतले तर फरक पडतो, हा आमचा अनुभव. वॉर्डातले तास भरपूर, उभे राहून पाय सुजतात. मलमूत्र, जखमा, मृतदेह हे सगळे आहे. आजीला हे लपवून सांगू नका. फरक एवढाच की हे काम आता जात म्हणून वाट्याला आलेले नाही. त्यामागे शास्त्र आहे, नोंदणी आहे, पगार आहे. आणि समाजशास्त्राच्या पेपरात जातिव्यवस्था हा धडासुद्धा आहे, तो वर्गात कसा शिकवला जातो याकडे कान ठेवा.

पदवीने जात गळून पडेल या भ्रमात मात्र राहू नये. रुग्णालय ही बाबासाहेब सांगतात त्या श्रेणीबद्ध विषमतेची चालतीबोलती शिडी आहे: वर डॉक्टर, मग अधिपरिचारिका, एएनएम, आया, आणि सर्वांत खाली झाडूवाली मावशी. ती मावशी कुठल्या वस्तीतून येते, हे ठाणे-कल्याणच्या कुठल्याही वॉर्डात उभे राहून बघा. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, ती तर पदव्युत्तर शिक्षण घेत होती. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी भेदभावविरोधी अधिकारी ठेवायला सांगितले आहे. प्रवेशाच्या दिवशीच त्याचे नाव विचारा.

पगाराचे वास्तव असे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले. शिफारस कागदावर आहे, गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये ती पोचलेली नाही. सरकारी भरतीतही कंत्राटीकरण घुसले आहे. म्हणजे संघटना लागणारच. वागळे इस्टेटचे कामगार रुग्णालय ज्या विमा योजनेतून उभे राहिले, तिची पायाभरणी बाबासाहेब मजूरमंत्री असताना झाली होती. प्रसूतीच्या रजेसाठी तर ते १९२८ पासून मुंबई कायदेमंडळात बोलत होते. नर्स ही कामगार आहे, हे आमच्या मुलींना कॉलेजात कुणी सांगणार नाही.

शेवटी कामाचे. गल्लोगल्ली सहा महिन्यांचे 'नर्सिंग' कोर्स निघाले आहेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नसेल तर तो कागद नर्सचा नाही, स्वस्तात राबवायची पावती आहे. आपल्या वस्तीतल्या मुली सर्वांत जास्त तिथेच फसतात. बी.एस्सी.साठी राज्याची सीईटी द्यायची, कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का ते तपासायचे. भौतिक, रसायन, जीवशास्त्रात खुल्या वर्गाला ४५ टक्के, आपल्याला ४० टक्के लागतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, तीही बाबासाहेबांनी झगडून मिळवलेली. आज ती महाडीबीटीवर भरायची. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप बघायची. मात्र मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हे हातचे जाते, म्हणून प्रवेश कॅप फेरीतूनच घ्यायचा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालानंतर नव्हे, बारावीत असतानाच करायचा. त्या मुलीचा तो राहिला होता. सध्या तिच्या आजोबांच्या शाळेचा दाखला मिळवण्यासाठी आम्ही तिच्या गावी खेपा घालतो आहोत, आणि सोबत आजी येते.