गायकाविना वाजलेला सॅक्सोफोन

परभणीकरांना सॅक्सोफोन परका नाही. वरातीच्या बँडमध्ये तो दिसतो, रेडिओवरच्या जुन्या हिंदी गाण्यांत तो ऐकू येतो. गाणे कोणी गायिले ते आपण चटकन सांगतो. सॅक्सोफोन कोणी वाजविला, हे मात्र सहसा विचारत नाही.

पुष्कळदा त्याचे उत्तर ‘मनोहारी सिंग’ हे असते. कोलकात्यात १९३१ साली जन्मलेले हे वादक १९५८ मध्ये मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. पण चित्रपटगीतात वादकाच्या वाट्याला येतो तो दोन कडव्यांमधला छोटासा तुकडा.

शंकर-जयकिशन यांची १९६८ मधील ‘रागा जॅझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका म्हणूनच वेगळी. तोडी, भैरव, मालकंस, शिवरंजनी अशा अकरा रागांवर जॅझच्या ढंगाच्या अकरा रचना. सतारीवर रईस खाँ, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो आणि सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. गायक नाही, शब्दही नाहीत.

जॅझ आणि रागसंगीत या दोहोंत वादक आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो. त्यामुळे हे नाते ओढूनताणून जोडलेले वाटत नाही. सॅक्सोफोनला कळा असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड ओठांचा दाब आणि फुंकर सांभाळूनच काढावी लागते. त्यात वादकाचा कस लागतो.

मनोहारी सिंग २०१० साली गेले. गाण्यांत गायकामागे राहिलेला हा वादक या ध्वनिमुद्रिकेत समोर उभा आहे.