बुडालेल्या जहाजांची हजेरी



जालन्यासारख्या गावी, जेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तेथे बुडालेल्या जहाजांवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. तथापि समुद्र आपल्याला वाटतो तेवढा आपल्यापासून दूर नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. तिच्यात आपल्या शेजारचे पैठण आहे आणि तेरही आहे. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून कापड, असा माल गाड्यांत भरून बिकट वाटेने भडोच बंदराला जात असे आणि तेथून जहाजात चढत असे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. गोदावरीकाठच्या राजवंशाला आपल्या नाण्यावर जहाज उमटवावेसे वाटले, यातच सर्व काही आले.

आणि आजचे म्हणाल, तर आपल्या गावच्या लोखंडाच्या भट्ट्या भंगारावर चालतात. त्या भंगाराच्या ढिगात जहाजाचा जाड, खाऱ्या पाण्याने खाल्लेला पत्रा मी पाहिला आहे. समुद्रावर आयुष्य काढलेले लोखंड आपल्याकडे येऊन सळई बनते आणि आपल्याच घरांच्या छपरात बसते. जे जहाज किनाऱ्याला लागून मोडले जाते, त्याची गत ही अशी. जे वाटेतच बुडते त्याचे काय होते, आणि त्याच्याकडे कोण कसे जाते, हा आजचा विषय.

प्रथम पाणबुड्यांविषयी. समुद्राच्या तळाशी असलेल्या जुन्या जहाजांचा पहिला शोध बहुधा पंडितांना लागत नाही, तो पोटासाठी बुड्या मारणाऱ्यांना लागतो. १९०० साली ग्रीस देशात अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना तळाशी माणसांचे हात दिसले. ते पुतळ्यांचे हात होते. दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजातून मग ब्राँझच्या आणि संगमरवरी मूर्ती निघाल्या. दातेरी चक्रांचे एक यंत्रही निघाले. त्यावर सूर्यचंद्राच्या गती मांडता येत, आणि आज ते अथेन्सच्या संग्रहालयात आहे. परंतु या कामात एक पाणबुड्या मेला आणि दोघांना कायमचा पक्षाघात झाला, ही गोष्ट त्या मूर्तींइतकी सांगितली जात नाही.

हा पक्षाघात कशाने होतो? त्याचे शास्त्र प्रथम कामगारांच्या देहावरच शिकले गेले. नदीच्या तळाशी पुलाचा पाया घालण्यासाठी मोठी पेटी उपडी उतरवून तिच्यात दाबाची हवा भरीत आणि मजूर आत खणीत. वर आल्यावर त्यांचे सांधे असह्य दुखत, पाय लुळे पडत, काही दगावत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायात असेच झाले. मे १८७२ मध्ये त्या मजुरांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग हाही याच दुखण्याने अंथरुणाला खिळला. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली कारण दाखविले. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यावर जे होते तेच माणसाच्या रक्तात होते. पुढे १९०८ साली जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती थांबत वर यावे, याची कोष्टके सिद्ध केली. हेच हाल्डेन खाणकामगारांच्या जिवाला धोका असलेल्या वायूंवरही संशोधन करीत, हे आम्हा कामगार चळवळीतील लोकांना विसरता येत नाही.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर छातीतली हवा निम्म्या जागेत मावते, वीस मीटरवर तिसऱ्या हिश्शात. म्हणून पाणबुड्याला त्या त्या खोलीच्या दाबाची हवा पुरवावी लागते. पूर्वी तो पितळी शिरस्त्राण घाली आणि वरच्या नावेतून पंपाने नळीवाटे हवा येई. नळी तुटली की माणूस गेला. १९४३ साली झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी पाठीवरच्या टाकीतून हवी तेवढीच हवा, हव्या त्या दाबाने देणारी झडप तयार केली. नळीचे बंधन सुटले. यालाच आपण आज स्कूबा म्हणतो. वर येताना श्वास रोखावयाचा नाही आणि घाई करावयाची नाही, हे त्यातले दोन मुख्य नियम. छातीतली हवा वर येता येता फुगते, ती कोंडली तर फुप्फुस फाटते.

या साधनाने पंडितालाही तळाशी उतरता आले. १९६० साली तुर्कस्तानच्या गेलिडोनिया भूशिराजवळ जॉर्ज बास या अमेरिकन संशोधकाने कांस्ययुगाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे बत्तीसशे वर्षांपूर्वीचे जहाज तळावरच, जमिनीवरच्या उत्खननाच्या शिस्तीने मोजून, रेखाटून खणले. त्या जागेची पहिली बातमीही स्पंज काढणाऱ्यांचीच होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. तेथे डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचे केंद्र निघाले. लोथलचे उत्खनन करणारे तेच हे राव. द्वारकेच्या समुद्रातील शोधामुळे या केंद्राचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते गोव्याजवळच्या जहाजांवरचे काम. त्यात पुराण नाही, राजा नाही. माल आहे आणि मजुरी आहे.

मुरगावच्या उपसागराच्या तोंडाशी सुंची नावाचा पाण्याखालचा खडक आहे. पाणी तेथे अवघे काही मीटर खोल. उथळ असल्यामुळे नायट्रोजनचे भय थोडे, परंतु लाटांचा हिसका मोठा. पाणबुड्या खडकावर आपटतो, आणि गढूळ पाण्यात हातभरावरचे दिसत नाही. पावसाळ्यात तर कामच बंद. अशा जागी १९९७ पासून संस्थेच्या पाणबुड्यांनी शोध घेतला. लोखंडी तोफा सापडल्या, घडीव दगड सापडले, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले, हस्तिदंत सापडले आणि पाणघोड्याचे दातही सापडले. जहाजाचे लाकूड मात्र जवळजवळ नाहीसे झालेले. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा काही शिल्लक ठेवीत नाही. अभ्यासकांनी हे जहाज सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे, पोर्तुगीज व्यापाराचे, असे ठरविले.

या सामानाकडे नीट पाहा. पाणघोडा हिंदुस्थानात नाही. त्याचे दात आफ्रिकेचे. भांडी चीनची. त्यांत मर्तबान जातीच्या मोठ्या रांजणांचे तुकडे आहेत. मर्तबान हे ब्रह्मदेशातील बंदर, आणि आपल्या मराठवाड्यात उर्दू बोलणाऱ्या घरांतून लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात. एका बुडालेल्या जहाजात तीन दिशांचा माल एकत्र पडला आहे, आणि त्यातल्या एका वस्तूचे नाव आपल्या जालन्याच्या फडताळावर आहे. कागदोपत्री व्यापाराचा इतिहास बहुशः व्हाइसरॉय आणि सावकार यांचा असतो. येथे तो हत्ती मारणाऱ्याचा, दात वाहून आणणाऱ्याचा आणि रांजण घडविणाऱ्या कुंभाराचा झाला आहे.

त्याच समुद्रात सेंट जॉर्ज खडकावर दुसरे एक जहाज बुडालेले आहे. त्यात सोने नाही, तोफ नाही. कौले, विटा आणि भाजलेल्या मातीचे खांब आहेत. त्यांवर मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा शिक्का आणि १८६५ हे साल. उतावळा माणूस म्हणेल, जहाज १८६५ साली बुडाले. परंतु ते साल कारखाना निघाल्याचे आहे. पुढे कित्येक वर्षे कौलांवर तोच आकडा उठविला जात असे. म्हणजे जहाज १८६५ च्या आधीचे नाही, एवढेच त्यावरून ठरते. इतिहासात पुराव्याने जेवढे सांगितले तेवढेच घ्यावे, हा धडा त्या एका कौलात आहे. आणि ज्या मंगळुरी कौलांखाली आपल्यापैकी कित्येकांचे बालपण गेले, ती किनाऱ्याकिनाऱ्याने अशा जहाजांतून जात. जवळच अमी नावाच्या उथळ जागी आगबोटीचे बॉयलर आणि भट्टीच्या अग्निविटा पडल्या आहेत. त्या बॉयलरपुढे कोळसा ओढणाऱ्याचा उन्हाळा कसा असेल, हे आपल्या भट्टीवरच्या माणसाला निराळे सांगावयास नको.

तळाशी वस्तू दिसली की ती उचलावी, हा मोह सहज आहे. परंतु वस्तू कोणत्या जागी, कशाशेजारी, कोणत्या थरात पडली होती, यातच निम्मा इतिहास असतो. म्हणून पाणबुड्या फीत लावून मोजतो, प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने नकाशा काढतो, आणि मगच हात लावतो. वर काढलेली वस्तूही नाजूक असते. खाऱ्या पाण्यात तीनशे वर्षे मुरलेले लोखंड उघड्या हवेत ठेवले, तर आतल्या क्षारांमुळे पापुद्रे सुटून त्याचा चुरा होतो. हस्तिदंत एकदम वाळला तर तडकतो. महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात ठेवून क्षार काढावा लागतो. ज्याच्याजवळ हे करण्याची सोय नाही त्याने वस्तू वर काढणे म्हणजे तिचा दुसऱ्यांदा नाश करणे होय. युनेस्कोने २००१ साली केलेल्या करारात शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेला ठेवा शक्यतो जागच्या जागी राखावा आणि त्याचा बाजार मांडू नये, असे तत्त्व घातले आहे, ते याचसाठी.

बाजार मांडला म्हणजे काय होते? गेरसोप्पा धबधब्याचे नाव दिलेली ‘गेरसोप्पा’ नावाची आगबोट डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून चांदी, बिडाचे लोखंड, चहा आणि टपाल घेऊन निघाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येस जर्मन पाणबुडीने तिला बुडविले. ८५ माणसांपैकी एकच जगला. खलाशांत बहुसंख्य हिंदी होते. २०१२ आणि २०१३ साली एका अमेरिकन कंपनीने जवळजवळ ४,७०० मीटर खोलीवरून यंत्रांच्या साह्याने २,७९२ चांदीच्या लगडी काढल्या. कराराप्रमाणे ८० टक्के वाटा कंपनीचा होता. त्याच गाळातून सातशेच्या आसपास पत्रेही निघाली, आणि ती आज लंडनच्या टपाल संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. लगडी एकूण एक मोजल्या गेल्या. पण त्या बोटीवरच्या हिंदी खलाशांपैकी एकाचे तरी नाव या सभागृहात कोणाला सांगता येईल काय? दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मारक-वह्यांत लिहून ठेवलेली आहेत. त्या वह्या उघडणारे थोडे, चांदीची छायाचित्रे पाहणारे फार.

या ठिकाणी मी थोडे माझ्या कामाविषयी बोलतो. अपघात झाला की आम्ही प्रथम हजेरीपट मागतो. एका कारखान्यात मी गेलो तेव्हा जखमी झालेल्या माणसाचे नाव पटावर नव्हते. तो ठेकेदाराचा, म्हणून तो कामावर नव्हताच, असे उत्तर मिळाले. पटावर नाव नाही त्याला भरपाई नाही, आणि कालांतराने त्याला इतिहासही नाही. बुडालेल्या जहाजाचा अभ्यास मला म्हणूनच जवळचा वाटतो. कागदाने ज्याला वगळले त्याच्या हातचे काम समुद्राने राखून ठेवलेले असते.

कोणी म्हणेल, भुकेल्या देशाने समुद्रातल्या खापऱ्यांवर पैसा का खर्चावा? मी भुकेल्या घरातून आलेला माणूस आहे. हा प्रश्न मला कोणी शिकवावा लागत नाही. परंतु गरिबाला भाकरी द्या आणि इतिहास श्रीमंताला ठेवा, ही वाटणी मला मान्य नाही.

शेवटी एका जहाजाचे नाव घेतो, ते आपल्या जिल्ह्याचे नाव आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचे नाव दिलेली ‘रामदास’ ही आगबोट १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वादळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ बुडाली. स्वातंत्र्य एक महिन्यावर होते. सहाशेहून अधिक माणसे गेली; सणासाठी घरी निघालेले कोकणातले चाकरमानी त्यांत होते. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून अनेकांना वाचविले. मृतांचा नक्की आकडा मात्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा आढळतो.

२०४७ साली या घटनेला शंभर वर्षे होतील. देश तेव्हा स्वातंत्र्याची शताब्दी साजरी करील, आणि ‘रामदास’चे अवशेषही कराराच्या भाषेत ठेवा या सदरात येतील. तेव्हा पाणबुडे खाली उतरतील किंवा उतरणार नाहीत. परंतु जे काम पाण्याबाहेरचे आहे, ते आज होऊ शकते. अलिबाग, रेवस, गिरगाव, परळ येथील घरांतून अजून आठवणी आहेत. गावोगावच्या वाचनालयांनी आणि कामगार संघटनांनी त्या घरांत जाऊन नावे लिहून घ्यावीत, एकेक, गाव आणि धंदा यांसकट. लोखंड समुद्रात शंभर वर्षे टिकेल. आठवण तेवढी टिकत नाही. म्हणून हजेरी आधी घ्यावी, एवढेच माझे सांगणे.