घरची जुनी चांदी : काळी का पडते, जपायची कशी आणि वाटायची कशी?

कांजूरमार्गमध्ये एखादी जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की घराघरांतल्या माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. ट्रंकेच्या तळाशी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी सापडतं. उघडून बघावं तर एक तांब्या, दोन वाट्या, कुंकवाचा करंडा, आजीचे पैंजण, कुणाच्या तरी बाळपणीचे वाळे. सगळं काळंकुट्ट.

मग घरात प्रश्न सुरू होतात. ही खरंच चांदी आहे का? विकली तर किती येतील? तिसरा प्रश्न मात्र कुणी मोठ्याने विचारत नाही, तो म्हणजे ही आता कुणाची?

पूर्वी या गाठोड्याकडे फारसं कुणी बघायचं नाही, कारण पैसा सोन्यात असायचा. पण २०२५ च्या सुरुवातीला किलोला साधारण ९० हजारांच्या आसपास असलेली चांदी वर्ष संपता संपता २ लाखांच्या वर गेली आणि विसरलेल्या वाट्यांची सगळ्यांना एकदम आठवण झाली. खरं सांगायचं तर काळं पडल्यामुळे घरच्या चांदीचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते घाईत घासल्याने, घाईत मोडल्याने आणि कुणाला काय द्यायचं ते वेळेवर न लिहिल्याने.

चांदी काळी का पडते?

हा गंज नव्हे. लोखंडासारखी चांदी ऑक्सिजनने गंजत नाही. हवेत गंधक असलेले वायू थोड्या प्रमाणात असतात, त्यातला मुख्य हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. या वायूची चांदीशी गाठ पडली की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो आधी पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी काळा दिसतो. हवा दमट असेल तर हे काम आणखी वेगाने होतं.

आता कांजूरमार्गचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वेला ठाणे खाडी, तिवरं आणि मिठागरं. खाडीच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ओहोटीच्या वेळी येणारा तो खास वास याच वायूचा. शिवाय मुंबईचा बहुतांश कचरा जिथे जातो ते डम्पिंग ग्राउंडही इथेच. कचरा कुजताना निघणाऱ्या वायूंमध्येही हायड्रोजन सल्फाइड थोडा असतोच. या दुर्गंधीच्या तक्रारी कांजूरमार्ग, विक्रोळी, भांडुपचे रहिवासी वर्षानुवर्षं करतायत आणि डम्पिंगच्या जागेचा वाद मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्या वादात देव्हाऱ्यातल्या निरांजनाचा विषय अर्थातच कुणी काढलेला नाही. पण नाकाला जो वायू कळतो, तो चांदीलाही कळतो. त्यामुळे गावच्या घरी वर्षभर पांढरी राहणारी वाटी इथे लवकर काळवंडली, तर लगेच सोनाराला दोष देऊ नका.

काही दोष मात्र घरातलेच असतात. चांदीच्या चमच्यांच्या जुडीला रबरबँड लावला की नेमक्या त्या जागी काळा पट्टा उमटतो, कारण रबरात गंधक असतं. लोकरीचं कापडही त्याच कारणाने टाळावं. चांदीच्या ताटात वाढलेलं मीठ रात्रभर तसंच राहिलं तर बारीक खड्डे पडतात आणि हे नुकसान कितीही घासलं तरी भरून येत नाही. जेवण झालं की ताट लगेच धुवायचं, ही आजीची शिस्त होती ती यासाठीच.

घासायची कशी?

रांगोळी, राख, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर. घरोघरी हेच चालतं आणि चांदी चकचकीत होतेही. पण यातली प्रत्येक वस्तू काळ्या थराबरोबर खालची थोडी चांदीही खरवडून नेते. जुन्या करंड्यावरची वेलबुट्टी पुसट झालेली दिसते ती वयामुळे नाही, दर दिवाळीच्या घासणीमुळे. मुलामा दिलेली वस्तू असेल तर खालचं पितळच उघडं पडतं.

यावर एक सोपा उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरायचा, कडकडीत पाणी ओतायचं, त्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा टाकायचा आणि वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवायची. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. यात चांदी खरवडली जात नाही. चांदीला चिकटलेलं गंधक ॲल्युमिनियम आपल्याकडे ओढून घेतं आणि चांदी जागेवरच राहते. मध्येच सडक्या अंड्याचा हलका वास आला तर घाबरू नका, खाडीवरून आलेला पाहुणा परत निघालाय इतकंच. नंतर साध्या पाण्याने धुवून मऊ सुती कापडाने अगदी कोरडं करायचं.

खडे, मोती किंवा मीनाकाम असलेले दागिने, आत लाख भरलेल्या वस्तू आणि मुद्दाम काळी झाक दिलेले ऑक्सिडाइज्ड दागिने या पाण्यात घालू नयेत. नक्षीच्या खाचांमधला काळा रंगही या उपायाने निघून जातो आणि काम सपाट दिसायला लागतं. त्यामुळे कोरीव वस्तू नुसत्या मऊ कापडाने पुसलेल्या बऱ्या.

ठेवताना प्रत्येक वस्तू वेगळ्या सुती कापडात गुंडाळून झिपवाल्या पिशवीत ठेवावी आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी. पण सगळ्यात उत्तम साठवण म्हणजे वापर. रोज हातात येणारी, धुतली-पुसली जाणारी वाटी काळी पडायला वेळच मिळत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अत्तरदाणी-गुलाबदाणी काढा, बाळाच्या उष्टावणाला मामाने दिलेली वाटी पुढच्या बाळालाही वापरा.

ही चांदीच आहे ना?

जुन्या वस्तूवर हॉलमार्क नसला म्हणजे ती खोटी असं नाही. भारतात चांदीचं हॉलमार्किंग सुरू झालं २००५ मध्ये आणि ते आजही ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सोन्यासारखा एचयूआयडी क्रमांक यायला लागलाय. आजीच्या तांब्यावर तो कुठून असणार?

फसगत होते ती जर्मन सिल्व्हरमध्ये. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. खात्री करायची तर हॉलमार्किंग सेंटरमध्ये मशीनवर टंच काढून घ्यावा. वस्तू न तोडता, न वितळवता शुद्धता कळते.

गाठोड्यात राणीछाप रुपये निघाले तर ते बाजूला ठेवा. ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता सुमारे ९१.७ टक्के. १९४० मध्ये सरकारने ती निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. किलोला २ लाख भाव धरला तर जुन्या रुपयात साधारण २,१०० रुपयांची चांदी भरते. एखाद्या दुर्मीळ सालाचं नाणं असेल तर संग्राहक त्याहून जास्त देतात. म्हणून नाण्यांना पॉलिश करू नये आणि साल न बघता आटणीत टाकू नये.

विकण्याचं म्हणाल, तर मोड देताना घट कापली जाते, मजुरीचे पैसे परत मिळत नाहीत आणि दोन वर्षांनी तीच वस्तू करायला नव्याने मजुरी द्यावी लागते. पैशांची तात्पुरती नड असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार सोन्याप्रमाणे चांदीचे दागिने आणि नाणी तारण ठेवूनही कर्ज मिळू शकतं. सळ्या-विटांवर मात्र नाही.

आणि वाटणी?

इथे भांडणं पैशांवरून कमी आणि 'आईने मला सांगितलं होतं' यावरून जास्त होतात.

आईला माहेरहून आलेली, लग्नात मिळालेली चांदी हे तिचं स्त्रीधन. त्यावर तिचा एकटीचा हक्क. ती कुणालाही देऊ शकते. मृत्युपत्र न करता ती गेली तर हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखा वाटा मिळतो. 'भांडी सुनेची, दागिने मुलीचे' असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तो घरचा रिवाज आहे आणि सगळे राजी असतील तोवरच चालतो. वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि तो जन्मापासूनचा असल्याचं सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

उपाय साधा आहे. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, ती कुणाकडून आली आणि कुणाला द्यायची याची यादी करून मृत्युपत्रात घालावी. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात आणि ते वाटेकरी नसलेले बरे. त्याहून सोपं म्हणजे हयातीतच हातात देणं. आईवडिलांकडून मुलांना मिळालेल्या भेटीवर आयकर नाही आणि वारसा करही १९८५ पासून नाही. पुढे कुणी विकलं तर नफ्यावर कर लागू शकतो, तेव्हा ही यादी कामाला येते.

देव्हाऱ्यातले टाक मात्र वाटता येत नाहीत. एक भाऊ खंडोबा नेणार आणि दुसरा भवानी, असं कुणी करत नाही. बऱ्याच घरांत भाऊ वेगळे झाले की जुने टाक एका घरी राहतात, दुसरा सोनाराकडून नवे घडवून घेतो आणि ते जेजुरीला देवभेटीला नेतो. ज्या गोष्टीचे तुकडे होत नाहीत तिची दुसरी प्रत करायची, हा तोडगा एखाद्या जुन्या समईलाही लागू पडतो.

मुलगा-मुलगी परदेशात असतील तर आणखी एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा नक्षीदार पानाचा डबा बॅगेत टाकण्याआधी त्याचं वय बघा.

घरात जागा नाही म्हणून चांदी लॉकरमध्ये ठेवणारे बरेच. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. पूर किंवा भूकंप झाला तर तेवढीही नाही, फक्त बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला एकामागून एक असे चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक लॉकर त्याच्यासाठी उघडते, आतल्या वस्तू मात्र त्याने वारसांपर्यंत पोचवायच्या असतात.