वजनाचा गुन्हा आणि बचावाचा हक्क

इगतपुरीकडून आणि कर्जतकडून येणारे दोन्ही लोहमार्ग कल्याणला एकत्र येतात आणि डोंबिवली, मुंब्रा, ठाणे करीत मुंबईला पोहोचतात. या वाटेने भाजीपाला आला, गिरणी कामगार आला, आणि गांजाची पोतीही आली. त्यामुळे ठाणे आणि कल्याणच्या सत्र न्यायालयांत अमली पदार्थांचे खटले ही नवलाई राहिलेली नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोरांत आमच्या मोहल्ल्यातली पोरेही असतात. मात्र ज्या कायद्याखाली ती उभी असतात, त्याचा इतिहास आमच्याकडे फारसा कुणी सांगत नाही. तो सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

गांजा बाळगणे हा आपल्याकडे सदासर्वकाळ गुन्हा नव्हता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्याच्यावर कर आणि परवाना बसवला, बंदी घातली नाही. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि संपूर्ण बंदीची गरज नाही असाच निष्कर्ष काढला. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, भारताने त्यावर सही केली, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. त्याआधी अबकारीचा प्रश्न असलेली गोष्ट आता सक्तमजुरीची झाली.

या कायद्याने फौजदारी न्यायाचा एक जुना दंडक उलटा केला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे आपण शाळेत शिकलो. येथे माल ताब्यात सापडला की कलम ३५ आणि ५४ अन्वये आरोपीचे मन दोषी होते असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. १९८९ च्या दुरुस्तीने कलम ३७ मध्ये जामिनाचे दार जवळजवळ बंद केले. आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी कारणे आहेत, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही.

परदेशांतील कायदे ‘विकण्याचा हेतू’ होता का, हे पाहतात. आपल्याकडे हेतूची जागा तराजूने घेतली. २००१ पर्यंत पिणारा आणि विकणारा यांत कायदा फारसा फरक करीत नसे. थोडा माल केवळ स्वतःसाठी होता हे आरोपीलाच सिद्ध करावे लागे. २००१ च्या दुरुस्तीने ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ असे मापाचे टप्पे ठरवले. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोंच्या वर व्यापारी. हेरॉइन पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. मोहल्ल्यांत ‘एमडी’ म्हणून फिरणारे मेफेड्रोन दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर पूड; तेवढ्यासाठी किमान दहा वर्षे आणि एक लाख दंड. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पुडीत मिसळलेल्या इतर भुकटीचे वजनही मोजायचे. म्हणजे भेसळही आरोपीच्याच अंगावर.

अशा कायद्यात बचावाला उरते काय? उरते ती कार्यपद्धती. शिक्षा जितकी कडक, तितके झडतीचे नियम काटेकोर पाळले पाहिजेत, हा न्यायालयांचा युक्तिवाद. अंगझडतीपूर्वी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्या असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे आरोपीला सांगणे कलम ५० ने बंधनकारक आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात घटनापीठाने ते मान्य केले आणि २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात आणखी स्पष्ट केले. हा हक्क अंगझडतीपुरता. पिशवी वा गोणीला तो लागू नाही, हेही लक्षात ठेवावे. २००८ च्या नूर आगा खटल्यात न्यायालय म्हणाले, गृहीतके वैध आहेत, पण माल आरोपीच्याच ताब्यात होता हा पाया सरकारनेच आधी घातला पाहिजे. २०१६ मध्ये मोहनलाल खटल्यात नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेण्यावर भर दिला. पंच कोण होते, सील कुणाच्या ताब्यात राहिले, मुद्देमाल प्रयोगशाळेत कधी गेला, शेंडे-फुले होती की नुसता पाला, यांवर निकाल फिरतात. कायद्याच्या व्याख्येत पाला एकटा असेल तर तो गांजाच नव्हे.

कबुलीजबाबाची कथा तर अधिकच बोलकी आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा नाही, असे १८७२ चा पुरावा कायदा सांगत होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो नियम आहे. पण एनडीपीएसचे अधिकारी ‘पोलीस’ नाहीत, या युक्तिवादावर कित्येक वर्षे कलम ६७ खालचे जबाब चालत राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात ते बंद झाले.

आपल्या ठाण्याचेच उदाहरण घ्या. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरकडच्या एका औषध कारखान्यातून एफेड्रिनचा प्रचंड साठा जप्त केला. चित्रपट अभिनेत्री ममता कुलकर्णी यांचेही नाव आरोपींत आले. केनियातील एका बैठकीला त्या हजर होत्या, एवढाच आधार. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. याच न्यायालयाने जून २०११ मध्ये या कायद्यातील सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली होती. २०१४ च्या दुरुस्तीने सक्ती गेली.

पण अभिनेत्रीला उच्च न्यायालयापर्यंत नेणारे वकील असतात. कौशातल्या रिक्षावाल्याच्या पोराला नसतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद मुस्लिम या आरोपीला जामीन दिला, तेव्हा तो खटल्याची वाट पाहत सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान साडेअकरा टक्के, तुरुंगांत त्याहून बरेच जास्त. ही तफावत सर्वांना ठाऊक आहे. तरी पोलीस आले की घरात बदनामीची भीती आधी शिरते. अब्बा मशिदीत जाणे टाळतात, अम्मी दागिने गहाण ठेवते, आणि पंचनाम्याची प्रत मागायला कुणी जात नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये कोठडीतील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील देण्याची तरतूद आहे. एनडीपीएसच्या कलम ६४-अ मध्ये अल्प मालासह सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षणाची सोय आहे. शुक्रवारच्या खुतब्यात नशा हराम आहे हे आम्ही ऐकतो, ते योग्यच आहे. त्यानंतर पाच मिनिटे या दोन तरतुदी सांगितल्या तर काय बिघडते?

बचाव करणे म्हणजे नशेचे समर्थन नव्हे. विकणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि ती पुराव्यावर व्हावी. नियम मोडून झालेल्या झडतीवर निरपराध पोरगा दहा वर्षांसाठी आत जातो, तेव्हा खरा विक्रेता बाहेर मोकळाच फिरत असतो. त्याचा फटकाही शेवटी आपल्याच मोहल्ल्याला बसतो.