राउटर आणि त्याचीं कार्डें

एका जाळ्यांतील संगणकाचा मजकूर दुसऱ्या जाळ्यांतील संगणकास पोंचविणारें यंत्र म्हणजे राउटर. मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकावर पत्ता घालतात. तो वाचून तुकडा योग्य तारेवर सोडावयाचा. पत्ता वाचणें त्या मानानें सोपें. खरी अडचण तारांच्या अनेक जातींची. मनमाडास पूर्वी रुंद रुळांच्या गाडींतील माल उतरवून अरुंद रुळांच्या गाडींत भरावा लागे, तसलाच हा प्रकार होय.

१९६९ सालीं अमेरिकेंत आर्पानेट सुरू झालें, तेव्हां पहिल्या चार ठिकाणचे संगणक चार निरनिराळ्या जातींचे होते. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीनें तेथें आपलीं संदेशयंत्रें बसविलीं आणि जोडणीचे दोन भाग पाडले. सर्वांस सारखा असा भाग कंपनीनें करावयाचा. ज्या त्या संगणकापुरता भाग ज्याचा त्यानें. पुढील प्रगतीचें बीज या वांटणींत आहे.

१९८० नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठांत विल्यम येगर यांची आज्ञावली आणि अँडी बेख्टोल्सहाइम यांनीं आंखलेलीं कार्डें यांच्या जोरावर निरनिराळ्या विभागांचीं जाळीं जोडलीं गेलीं. एका पेटींत विचार करणारें एक कार्ड, तारांसाठीं वेगळीं कार्डें, आणि सर्वांमधून जाणारी एक सामायिक वाहिनी, अशी ती रचना होती. नव्या जातीची तार आली कीं नवें कार्ड बसवावें. सबंध यंत्र मोडींत काढावयास नको. १९८४ सालीं लिओनार्ड बोसॅक व सँडी लर्नर यांनीं सिस्को कंपनी स्थापिली व १९८६ सालीं तिनें अशाच यंत्राची विक्री आरंभिली. मग ही आज्ञावली व हीं कार्डें कोणाचीं, हा प्रश्न उभा राहिला. १९८७ सालीं विद्यापीठानें कंपनीस परवाना दिला. कंपनीचें नांव जगभर झालें. येगर यांचें नांव त्या मानानें फारच थोड्यांस ठाऊक आहे, हें कांहीं न्यायाचें नव्हे.

या रचनेंत एक उणीव होती. प्रत्येक तुकडा वाहिनीवरून त्या एकाच विचार करणाऱ्या कार्डाकडे जाई. रहदारी वाढतांच तेथें दाटी होऊं लागली. म्हणून १९९५ सालच्या ७५०० या मालिकेंत कांहीं कार्डांस स्वतःचा प्रोसेसर व स्वतःची स्मृति देण्यांत आली. मुख्य प्रोसेसरानें मार्गांचा तक्ता तयार करावा, कार्डांनीं त्याची प्रत जवळ ठेवावी व पत्ते स्वतःच वाचावे, अशी व्यवस्था झाली. शिवाय या कार्डांवरच लहान कार्डें बसत, म्हणजे कार्डांत कार्ड!

यंत्र चालूं असतांना कार्ड बदलण्याची सोय तर अधिकच कौतुकाची. जोडणीच्या पिना मुद्दाम कमीअधिक लांबीच्या केलेल्या असतात, त्यामुळें त्या ठराविक क्रमानें टेंकतात व सुटतात. त्यावरूनच यंत्रास बदलाची सूचना मिळते. मात्र एका वेळीं एकच कार्ड हलवावें. त्याच जातीचें दुसरें कार्ड बसविलें तर जुनी मांडणी त्यास आपोआप लागू होते. निराळ्या जातीचें असेल तर चालकानें आज्ञा देईपर्यंत तें बंदच राहतें.