बेन्झिन : दीर्घकालीन संपर्क आणि रक्ताचे विकार

बेन्झिन हे रंगहीन, गोडसर वासाचे आणि झपाट्याने बाष्प होणारे द्रवरूप रसायन आहे. खनिज तेलात ते निसर्गतः आढळते; प्लास्टिक, कृत्रिम रबर व डिटर्जंट यांच्या निर्मितीतही ते लागते. त्यामुळे तेलशुद्धीकरण प्रकल्प, पेट्रोरसायन कारखाने आणि प्रयोगशाळांतील अभियंते व तंत्रज्ञ यांचा त्याच्याशी संबंध येतो.

बेन्झिन मुख्यतः श्वासावाटे आणि काही अंशी त्वचेतून शरीरात शिरते. यकृतात त्यापासून तयार होणारी संयुगे अस्थिमज्जेतील मूलपेशींना इजा करतात. दीर्घकालीन संपर्कामुळे रक्तपेशींची संख्या घटते. अप्लास्टिक ॲनिमिया, तसेच तीव्र मायलॉइड ल्युकेमिया उद्भवू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झिनचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात प्लायोफिल्म हे रबरी वेष्टन बनवणाऱ्या कामगारांमध्ये ल्युकेमियाचे प्रमाण अधिक असल्याचे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पुढच्याच वर्षी तेथील ‘ओशा’ या नियामक संस्थेने आठ तासांच्या पाळीसाठीची सरासरी मर्यादा १० पीपीएमवरून १ पीपीएमवर आणली. मात्र धोका लक्षणीय असल्याचे संस्थेने सिद्ध केले नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तो नियम रद्द ठरवला. हीच मर्यादा अखेर १९८७ मध्ये लागू झाली.

वास हा सावधगिरीचा विश्वासार्ह इशारा नव्हे. तो जाणवेपर्यंत ही मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. साध्या कापडी मास्कने बाष्प अडत नाही. त्यासाठी सेंद्रिय बाष्प शोषणारे योग्य श्वसनसाधनच लागते. लघवीच्या तपासणीतून केवळ अलीकडचा संपर्क कळतो. जुन्या संपर्काची नोंद शरीर जपून ठेवत नाही, ती कागदावरच राहते.

नोकरीनिमित्त देश बदलणाऱ्यांसाठी हाच मुद्दा कळीचा ठरतो. पाताळगंगा किंवा तळोजा येथील कारखान्यात झालेल्या संपर्काचा परिणाम अनेक वर्षांनी, ह्यूस्टन वा अबुधाबी येथे दिसू शकतो. तेथील डॉक्टरांना पूर्वीच्या कामाची कल्पना नसते. अमेरिकी नियमांनुसार मालकाने संपर्काच्या नोंदी सामान्यतः ३० वर्षे, तर वैद्यकीय नोंदी नोकरीचा काळ अधिक ३० वर्षे जपणे बंधनकारक आहे. कर्मचाऱ्याला त्यांची प्रत मागता येते. नोकरी सोडताना ती घ्यावी, रक्ततपासणीचे जुने अहवाल जपावेत आणि नव्या डॉक्टरांना आपण कोणते काम, कोठे व किती वर्षे केले हे आवर्जून सांगावे.