आयुर्वेदिक औषधातलं खनिज अस्सल आहे का? मशीन कसं ओळखतं?

गेरू, हिंगूळ आणि पारंपरिक शेंदूर. तिन्ही पावडरी लालसर. पण गेरूत लोखंड असतं, हिंगुळात पारा आणि शेंदरात शिसं. फोनचा कॅमेरा कितीही झूम करा, हा फरक दिसणार नाही. भस्मं आणि रसऔषधं अशाच खनिजांपासून बनतात. त्यामुळे कच्चा माल चुकला, तर पुढचं सगळंच चुकतं.

जुनी पद्धत काय होती?

रसशास्त्रात चांगल्या खनिजाची 'ग्राह्य लक्षणं' दिली आहेत. उदाहरणार्थ, अभ्रक आगीत टाकायचं. पदर सुटले तर पिनाक, सापासारखा फुत्कार आला तर नाग, बेडकासारखं उडालं तर मंडूक, आणि काहीच बदललं नाही तर वज्र. औषधासाठी वज्र घ्यायचं. चाचणी भारी आहे, पण त्यात आर्सेनिक किती, हे ती सांगत नाही.

आता काय वापरतात?

- एक्सआरएफ: नमुन्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगतं.
- एक्सआरडी: ती कोणत्या संयुगात आहेत ते सांगतं. लोखंड गेरूतही आणि माक्षिकातही असतं. पण गेरूत ते ऑक्साइड, माक्षिकात सल्फाइड.
- आयसीपी: अगदी थोडं शिसंही पीपीएममध्ये मोजतं. 1 पीपीएम म्हणजे 1 किलोत 1 मिलिग्रॅम.

अशी यंत्रं लांब नाहीत. पवईच्या आयआयटी मुंबईत 'सैफ' ही सुविधा आहे. बाहेरचे संशोधक आणि कंपन्याही शुल्क भरून तिथे नमुने तपासून घेतात.

किती चालतं?

वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांसाठी मर्यादा अशा: शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3 पीपीएम. रसऔषधांत धातू मुद्दाम घातलेला असतो, म्हणून तिथे तो कोणत्या रूपात आहे हेही बघावं लागतं.

हा प्रश्न कागदावरचा नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

तुम्ही काय करू शकता?

लेबलवर लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि एक्सपायरी बघा. पारा, हरताळ अशी द्रव्यं असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना असणं बंधनकारक आहे. घरात कुणी बिनलेबलची पुडी बरेच दिवस घेत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं शिसं साध्या ब्लड टेस्टने कळतं.